गावनोंद ते राष्ट्रीय सर्वेक्षण : मंठा तालुक्याच्या संदर्भात लोकसंख्येच्या आरोग्यनोंदींचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

एखाद्या समाजाचे आरोग्य कसे आहे हे जाणण्याचे तीन मार्ग आधुनिक राज्यसंस्थेने विकसित केले. पहिला मार्ग जनगणनेचा, म्हणजे ठरावीक कालांतराने प्रत्येक माणूस मोजण्याचा. दुसरा मार्ग नोंदणीचा, म्हणजे जन्म, मृत्यू आणि आजार घडतील तसे लिहून ठेवण्याचा. तिसरा मार्ग नमुना सर्वेक्षणाचा, म्हणजे थोडी कुटुंबे शास्त्रीय पद्धतीने निवडून त्यांच्यावरून सर्वांविषयी अनुमान करण्याचा. या तिन्ही मार्गांचा इतिहास सामान्यतः दिल्ली, कोलकाता व मुंबई येथील संस्थांच्या दृष्टीने लिहिला गेला आहे. ज्यांच्याविषयी ही आकडेवारी गोळा झाली त्या गावांच्या व तालुक्यांच्या बाजूने तिच्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही.

प्रस्तुत निबंधात जालना जिल्ह्यातील मंठा तालुका हा संदर्भबिंदू मानून हा इतिहास पाहिला आहे. मंठ्यात काही वेगळे घडले म्हणून त्याची निवड केलेली नाही. मराठवाड्यातील इतर अनेक तालुक्यांप्रमाणे हा तालुकाही राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणांच्या कोष्टकांत स्वतंत्रपणे दिसत नाही, म्हणूनच तो या अभ्यासासाठी प्रातिनिधिक ठरतो. तालुक्याचे आरोग्य तालुक्याच्या पातळीवर कधी मोजले गेले काय आणि नसल्यास का नाही, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

निजामी राजवटीतील गणना व नोंद :

मंठ्याचा परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. या प्रशासकीय स्थित्यंतरांचा आरोग्यनोंदींच्या सातत्याशी निकटचा संबंध आहे, कारण राज्य बदलले की नोंदीची भाषा, नमुना आणि नोंद ठेवणारा अधिकारी हेही बदलले.

हैदराबाद संस्थानात पहिली पद्धतशीर जनगणना १८८१ मध्ये झाली. त्यानंतरच्या दशवार्षिक गणनांत आरोग्याच्या इतिहासाचे दोन मोठे आघात स्पष्ट दिसतात. १८९१ मध्ये संस्थानची लोकसंख्या १,१५,३७,०४० होती. १९०१ मध्ये ती १,११,४१,१४२ झाली, म्हणजे सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटली. १८९९-१९०० च्या दुष्काळाचा काळ या दशकात येतो. पुढे १९११ मध्ये लोकसंख्या १,३३,७४,६७६ झाली, परंतु १९२१ मध्ये ती पुन्हा १,२४,७१,७७० पर्यंत उतरली. ही घट पावणेसात टक्क्यांच्या आसपास असून १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीचा त्यात मोठा वाटा आहे.

मात्र जनगणना केवळ वजाबाकी सांगते. उणे झालेल्या माणसांपैकी किती मृत्यू पावली, किती रोजगारासाठी बाहेर गेली आणि किती बालके जन्मलीच नाहीत, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी जन्ममृत्यूची नोंद लागते, आणि नेमका तोच दुवा कच्चा होता. भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात देशभरातील जन्ममृत्यू नोंदणीच्या अपुरेपणावर बोट ठेवले. ग्रामीण भागात नोंदीची जबाबदारी पाटील किंवा चौकीदार यांच्यावर होती. त्यांना इतर अनेक कामे होती आणि मृत्यूचे कारण ओळखण्याचे कोणतेही शिक्षण नव्हते. ताप हा शब्द हिवताप, विषमज्वर, क्षय आणि बाळंतज्वर या सर्वांना पुरत असे. याच अहवालात १९३७ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील अर्भक मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे १६२ असल्याचे नमूद आहे. संस्थानी मुलखासाठी एवढ्या आत्मविश्वासाने सांगता येईल असा आकडाच उपलब्ध नव्हता.

तरीही या जुन्या ग्रामनोंदी निरुपयोगी होत्या असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्राच्या इतर भागांत कोतवाल बुक या नावाने परिचित असलेली जन्ममृत्यूची नोंद, म्हणजेच गाव नमुना १४, आरोग्यासाठी ठेवली गेली. पुढे मात्र तिचे मोल वेगळ्याच कारणाने वाढले. २०२३ मध्ये जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथून मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने वेग घेतला. त्यानंतर शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि मराठवाड्यातील तहसील कचेऱ्यांत जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. महसुली कागदांबरोबर जन्ममृत्यूच्या नोंदी आणि १९५१ च्या जनगणनेबरोबर तयार झालेले नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टरही या शोधात पाहिले गेले. बालक कशाने दगावले हे समजावे म्हणून जपायला हवा होता तो कागद अखेरीस जात सिद्ध करण्यासाठी उघडला गेला. नोंद एकदा झाली की तिचा उपयोग नोंदणाऱ्याच्या हेतूपुरता मर्यादित राहत नाही, हे यावरून दिसते.

स्वातंत्र्योत्तर काळ व नमुना पाहणीचा उदय :

स्वतंत्र भारतासमोर दोन पर्याय होते. गावोगावची नोंदणी सुधारत न्यावी, अथवा नोंदणीवर विसंबून न राहता नमुना पाहणीने आवश्यक आकडे मिळवावेत. नियोजनाची निकड पाहता दुसरा पर्याय स्वीकारला गेला. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीचे काम सुरू झाले.

या चळवळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने राष्ट्रीय पाहणीच्याही आधी व बरोबरीने स्थानिक पाहण्या केल्या. ना. वि. सोवनी यांची कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. वि. म. दांडेकर व कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जननमान व मर्त्यतेची पाहणी केली. ती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. एका जिल्ह्यातील घरोघर जाऊन स्त्रियांकडून जन्म व मृत्यूचा इतिहास विचारण्याची ही पद्धत पुढील राष्ट्रीय सर्वेक्षणांची पूर्वपीठिका म्हणता येईल. हैदराबाद संस्थानात एस. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये आणि पुन्हा १९४९-५१ मध्ये ग्रामीण आर्थिक पाहण्या केल्या होत्या. परंतु त्यांचा भर शेती, कर्ज व उत्पन्न यांवर होता. मराठवाड्याच्या वाट्याला पुण्यासारखी मर्त्यतेची सखोल पाहणी त्या काळात आली नाही.

१९५६ मध्ये मुंबईत भारत सरकार, संयुक्त राष्ट्रसंघ आणि सर दोराबजी टाटा विश्वस्त निधी यांच्या सहकार्याने लोकसंख्याविषयक प्रशिक्षण व संशोधन केंद्र स्थापन झाले. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती हीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे केंद्रस्थान महाराष्ट्राच्या राजधानीत असूनही महाराष्ट्राच्याच तालुक्यांचे चित्र त्यातून मिळत नाही.

नमुना नोंदणी पद्धती :

नमुना पाहणी व नोंदणी या दोन मार्गांचा मेळ घालण्याचा सर्वांत यशस्वी प्रयत्न म्हणजे भारताच्या महानिबंधकांनी १९६४-६५ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू केलेली आणि १९६९-७० पासून पूर्ण स्वरूपात अमलात आलेली नमुना नोंदणी पद्धती होय. निवडलेल्या गावात स्थानिक अंशकालीन गणक, बहुधा शाळेचा शिक्षक, जन्म व मृत्यू घडतील तसे लिहितो. सहा महिन्यांनी बाहेरून आलेला पर्यवेक्षक त्याची यादी न पाहता घरोघर चौकशी करतो. दोन्ही याद्या शेजारी ठेवून प्रत्येक घटना जुळवली जाते आणि न जुळलेल्या घटनांसाठी पुन्हा त्या घरी जाऊन पडताळणी होते.

या पद्धतीमागील गणिती विचार सी. चंद्रशेखर आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ च्या लेखात मांडला होता. बंगालमधील सिंगूर आरोग्य केंद्राच्या क्षेत्रातील नोंदींवर त्यांनी तो तपासला. एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या गावसमूहात नोंदवहीत ४० जन्म आढळले, स्वतंत्र घरोघर चौकशीत ४५ आढळले आणि त्यांपैकी ३६ दोन्हींत समान होते. चौकशीतील ४५ पैकी ३६, म्हणजे ८० टक्के जन्म नोंदवहीत सापडले. याचा अर्थ नोंदवही ८० टक्के पूर्ण आहे, आणि प्रत्यक्ष जन्म ४० भागिले ०.८० म्हणजे ५० असावेत. दोन्ही याद्यांतून निसटलेल्या एका जन्माचाही अंदाज यात येतो. दोन याद्या परस्परांपासून स्वतंत्र असणे ही मात्र मूलभूत अट आहे. पर्यवेक्षकाने गणकाची वही आधी पाहिली, तर गणित बरोबर येते आणि उत्तर चुकते.

या पद्धतीने मिळालेले आकडे आजही देशातील मर्त्यतेचा प्रमुख आधार आहेत. त्यानुसार भारताचा अर्भक मृत्युदर १९७१ मध्ये १२९ होता. २०२० मध्ये तो २८ झाला. महाराष्ट्रात याच काळात तो १०५ वरून १६ पर्यंत उतरला. ही घट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोठ्या सामाजिक परिवर्तनांपैकी एक आहे. तथापि हा दर राज्यासाठी मिळतो. राज्याच्या १६ मध्ये मंठ्याचा आकडा किती, याचे उत्तर या पद्धतीच्या रचनेतच नाही.

दरम्यान सार्वत्रिक नोंदणीसाठी जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मध्ये संमत झाला. अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एकाच सुमारास सर्व गावांसाठी कायदा झाला आणि निवडक गावांसाठी नमुना पद्धती उभी राहिली. राज्यकर्त्यांना हवे ते दर नमुना पद्धतीतून मिळू लागल्यावर गावोगावची नोंद अचूक करण्याची निकड ओसरली.

घरोघरचा रोगशोध :

सर्वेक्षणांच्या इतिहासात दुर्लक्षित राहिलेला एक प्रवाह म्हणजे रोगनिर्मूलन मोहिमांतील घरोघरचा शोध. १९५८ पासूनच्या हिवताप निर्मूलन कार्यक्रमात कर्मचारी पंधरवड्याला घरी येऊन तापाचा रुग्ण आहे काय हे विचारी, रक्तनमुना घेई आणि भेटीची तारीख भिंतीवर लिही. देवीच्या निर्मूलनासाठी १९७३ पासून शोधमोहिमा झाल्या आणि १९७५ मध्ये देवीचा शेवटचा भारतीय रुग्ण नोंदला गेला. नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्र होता. पायऱ्यांच्या विहिरी आणि बारवांचे पाणी पिणाऱ्या मुलखात या रोगाचा वावर असे. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त प्रमाणित झाला.

या मोहिमांत अनुमानाला जागा नव्हती. नारूचा एक रुग्ण जरी उरला तरी पाणवठा दूषित राहणार, म्हणून प्रत्येक गाव पाहणे भाग होते. साहजिकच त्या काळात लहानात लहान वाडीसुद्धा राज्यसंस्थेच्या नजरेत आली. रोग संपला तशी ती नजरही निघून गेली, कारण मोहीम एका रोगापुरती होती. गावाची कायमस्वरूपी आरोग्यनोंद तिच्यातून उभी राहिली नाही.

जिल्हा हा घटक आणि त्याच्या सीमा :

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका त्यात समाविष्ट झाला. मंठ्याचा परिसर तेव्हा परतूर तालुक्यात होता. पुढे मंठा हा स्वतंत्र तालुका झाला आणि २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याचे आठ तालुके दिसतात. परिणामी १९८१ पूर्वीची मंठ्याची माहिती परभणीच्या सरासरीत, त्यानंतरची जालन्याच्या सरासरीत, आणि तालुका होण्यापूर्वीची परतूरच्या बेरजेत मिसळलेली आहे. दीर्घकालीन तुलना करू पाहणाऱ्याने प्रथम गावांची यादी लावून सीमांचा हिशेब करावा लागतो.

आकडेवारी आणि निधी यांचा संबंध महाराष्ट्रात याच सुमारास प्रस्थापित झाला. १९८३ मध्ये नेमलेल्या आणि १९८४ मध्ये अहवाल देणाऱ्या सत्यशोधन समितीचे अध्यक्ष वि. म. दांडेकर होते. समितीने आरोग्यासह विविध क्षेत्रांतील जिल्हावार निर्देशांक तपासून ३,१८६.७७ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा ७५०.८५ कोटींचा होता. तीस वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यात जन्ममृत्यू मोजणाऱ्या अभ्यासकाने जिल्हावार मापनाला अर्थसंकल्पाचे साधन बनवले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. परंतु घटक जिल्हा ठरल्यामुळे जिल्ह्यातील अंतर्गत विषमता मागे पडली. महाराष्ट्र मानव विकास अहवाल २००२ मध्ये जालना तळाच्या जिल्ह्यांत होता. २००६ मध्ये सुरू झालेल्या आणि २०११ मध्ये १२५ तालुक्यांपर्यंत विस्तारलेल्या मानव विकास कार्यक्रमाने तालुका हा घटक मानला; मात्र तालुके निवडताना स्त्री साक्षरता व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे हे निकष वापरावे लागले. तालुक्याचा अर्भक मृत्युदर निकष होऊ शकला नाही, कारण विश्वासार्ह असा तो दर हाती नव्हता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली. त्यानंतर १९९८-९९, २००५-०६, २०१५-१६ आणि २०१९-२१ अशा फेऱ्या झाल्या. पहिल्या तीन फेऱ्यांत राज्य हाच सर्वांत लहान घटक होता. जिल्ह्याचे आकडे प्रथम १९९८-९९ च्या प्रजनन व बाल आरोग्यविषयक जिल्हास्तरीय सर्वेक्षणातून आणि त्याच्या पुढील फेऱ्यांतून मिळाले. २०१५-१६ पासून कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही जिल्हावार झाले.

पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतील ६,३६,६९९ कुटुंबांची माहिती घेतली गेली. हे प्रमाण जिल्ह्यामागे सरासरी ९०० कुटुंबांचे होते. एका निवडलेल्या गावातून किंवा वस्तीतून २२ कुटुंबे घेतली जातात, म्हणजे जिल्ह्यातील सुमारे चाळीस ठिकाणे. जालना जिल्ह्यात नऊशेहून अधिक गावे आणि आठ तालुके आहेत. सरासरीने पाहता एका तालुक्याच्या वाट्याला पाच ठिकाणे व शंभर-सव्वाशे कुटुंबे येतात. एवढ्या कुटुंबांत गेल्या पाच वर्षांत झालेले जन्म थोडे आणि बालमृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यावरून तालुक्याचा दर काढणे शास्त्राला धरून होणार नाही, आणि सर्वेक्षणाने तसा दावाही केलेला नाही. जिल्ह्याच्या पत्रकातही अर्भक मृत्युदर दिला जात नाही. हा दोष सर्वेक्षणाचा नसून त्याच्याकडून नको ते मागणाऱ्यांचा आहे.

जिल्हावार आकड्यांनी जे साध्य केले ते मात्र थोडे नाही. पाचव्या फेरीत २० ते २४ वयोगटातील अठरा वर्षांपूर्वी विवाह झालेल्या स्त्रियांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होते. परभणीत ते ४८.० आणि बीडमध्ये ४३.७ टक्के आढळले. राज्याच्या सरासरीने हे वास्तव झाकले असते. जनगणनेनेही असेच एक सत्य उघड केले. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या जालना जिल्ह्यात २००१ मध्ये ९०३ होती, ती २०११ मध्ये ८७० झाली. बीडमध्ये ती ८९४ वरून ८०७ पर्यंत घसरली. जिल्ह्याच्या सरासरीआड कोणते तालुके दडले आहेत, हा यापुढचा स्वाभाविक प्रश्न आहे.

स्थलांतराचा प्रश्न :

मराठवाड्याच्या संदर्भात घर हा सर्वेक्षणाचा पायाच हंगामी आहे. ऊसतोडणीसाठी जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. महाराष्ट्रातील पाचव्या फेरीचे क्षेत्रकार्य जून ते डिसेंबर २०१९ या काळात झाले. सर्वेक्षक पावसाळ्यात आला तर ऊसतोड कामगार स्त्री घरी भेटते. नोव्हेंबरात आला तर दाराला कुलूप असते. कारखान्याच्या परिसरातील पालावर तिची गाठ पडण्याची शक्यता त्याहून कमी. तिकडे झालेला जन्म वा मृत्यू कोणत्या गावात नोंदवायचा, ही अडचण वेगळीच.

या फटीतून किती मोठी गोष्ट निसटू शकते हे २०१९ मध्ये दिसले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आल्यावर शासनाने स्वतंत्र पाहणी केली. तीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले, म्हणजे जवळपास १७ टक्के. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांसाठी देशाचे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट व निवड भिन्न असल्याने थेट तुलना योग्य नाही. तरीही राष्ट्रीय सरासरी खरी असूनही विशिष्ट समूहाविषयी ती मौन असू शकते, हे यातून स्पष्ट होते.

नोंदवही आणि वास्तव :

सरकारी नोंदवही व प्रत्यक्ष यांतील अंतर महाराष्ट्रात सर्वांत ठळकपणे मांडले गेले ते २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने. डॉ. अभय बंग व सहकारी स्वयंसेवी संस्थांनी निवडक गावांतील व वस्त्यांतील बालमृत्यू स्वतः घरोघर नोंदले आणि शासकीय यंत्रणेत त्यांतील बरेचसे पोहोचतच नाहीत हे दाखवले. त्यानंतर शासनाने डॉ. बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. कमी मृत्यू कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला शाबासकी आणि खरे मृत्यू कळवणाऱ्याला विचारणा, अशी रचना असेल तर आकडा आपोआप लहान होतो. हा प्रश्न व्यक्तीच्या प्रामाणिकपणापुरता नाही. तो यंत्रणेच्या रचनेचा आहे. २००८ पासून आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली संगणकावर आली तरी उपकेंद्रातील परिचारिकेची वही हाच तिचा मूळ स्रोत राहिला.

कोविडच्या साथीने हा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर आणला. २०२१ मध्ये देशात सुमारे १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. २०१९ मध्ये ही संख्या ७६.४ लाख होती. ही माहिती मे २०२५ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी प्रसिद्ध झाली. २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्क्यांना वैद्यकीय कारण प्रमाणित होते. २०२१ ची जनगणना झाली नाही. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढील गणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. म्हणजे तालुक्याच्या दरासाठी लागणारा छेदसुद्धा दीर्घकाळ २०११ चाच राहिला.

निष्कर्ष :

१. जनगणना, नोंदणी व नमुना सर्वेक्षण ही एकमेकांची पर्यायी साधने नाहीत. राज्याचे व जिल्ह्याचे चित्र सर्वेक्षण देऊ शकते. तालुक्याचे व गावाचे चित्र केवळ पूर्ण नोंदणीच देऊ शकते.

२. १९५० नंतर नमुना पाहणीचा झालेला स्वीकार त्या परिस्थितीत योग्य होता. परंतु त्यामुळे मूळ ग्रामनोंदणीची दुरुस्ती लांबणीवर पडली, आणि त्याची किंमत मंठ्यासारख्या तालुक्यांना मोजावी लागली.

३. प्रशासकीय सीमांतील बदल आणि हंगामी स्थलांतर हे मराठवाड्यातील आरोग्यविषयक आकडेवारीचे दोन विशेष अडथळे आहेत. त्यांचा विचार न करता केलेली तुलना दिशाभूल करते.

४. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियमातील २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्मदाखला हा पुरावा ठरल्याने जन्माची नोंद वाढेल. नवजात बालकाच्या मृत्यूच्या नोंदीला मात्र असे प्रोत्साहन नाही. वारसाहक्क नाही, विमा नाही, दाखल्याची गरजही नाही. हीच नोंद सर्वाधिक निसटण्याचा संभव आहे.

समारोप :

ग्रामीण महाविद्यालयांना या क्षेत्रात करण्यासारखे काम आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी दत्तक घेतलेल्या एका गावात ग्रामपंचायतीची जन्ममृत्यू नोंदवही आणि विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे केलेली घरोघर चौकशी या दोन याद्या जुळवून नोंदवही किती पूर्ण आहे, हे चंद्रशेखर-डेमिंग पद्धतीने काढता येईल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. विद्यार्थ्यांनी नोंदवही आधी न पाहणे, ऊसतोडीवरून कुटुंबे परतल्यानंतरचा काळ निवडणे, कुटुंबांची संमती घेणे आणि नावे गुप्त ठेवणे एवढी पथ्ये पाळावी लागतील. समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र व संख्याशास्त्र या विभागांनी दहा वर्षे सातत्याने हे केले, तर तळणी किंवा हेलससारख्या गावाविषयी राष्ट्रीय सर्वेक्षणाला सांगता येणार नाही ते सांगता येईल. शंभर वर्षांपूर्वीच्या साथीत या परिसरातील किती माणसे गेली, हे आज आपण संस्थानच्या बेरजेवरून ताडतो. पुढील पिढीच्या अभ्यासकाला आपल्या काळाविषयी तसेच ताडावे लागू नये, एवढी जबाबदारी तालुक्यातील महाविद्यालय निश्चित स्वीकारू शकते.